हवाई हद्द कोणाची, नियंत्रण कोणाचे?

दोन किंवा अधिक देशांनी हवाई वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा सामाईक करावी असा प्रस्ताव कोठेही पुढे आला, की त्यावरची चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. एक पक्ष सार्वभौमत्वाचा प्रश्न उभा करतो आणि आपल्या डोक्यावरचे आकाश परक्याच्या हाती देणार का, असे विचारतो. दुसरा पक्ष आकाशाला कुंपण नसते असे सांगून इंधन, वेळ आणि पैसा किती वाचेल याची आकडेवारी मांडतो. पहिल्याच्या लेखी दुसरा देशहिताबाबत बेफिकीर असतो, तर दुसऱ्याच्या लेखी पहिला गेल्या शतकात अडकलेला असतो. माझ्या मते दोघांचीही गल्लत एकच आहे. आकाशावरचा अधिकार आणि त्या आकाशात दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याचे काम या दोन वेगळ्या गोष्टी ते एकच धरून चालतात. हे काम सामाईक करता येते, अनेक ठिकाणी ते करायलाच हवे, आणि त्यामुळे कोणत्याही देशाचा अधिकार उणावत नाही, अशी माझी भूमिका आहे. मात्र काम दुसऱ्याकडे सोपवताना त्याच्या अटी, जबाबदारी आणि बाहेर पडण्याची वाट नीट लिहून ठेवली नसेल, तर विरोधकांची भीती खरी ठरते, आणि तशी ती खरी ठरलेलीही आहे.

आधी अधिकाराविषयी. १९१९ च्या पॅरिस कराराने आणि त्यानंतर ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या कराराने एक तत्त्व पक्के केले, की प्रत्येक राष्ट्राला आपल्या प्रदेशावरील हवाई अवकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. शिकागो कराराचे पहिलेच कलम हे आहे, आणि सामाईक यंत्रणेचे विरोधक तेथेच थांबतात. त्याच कराराच्या अठ्ठाविसाव्या कलमात हवाई मार्गदर्शनाच्या सोयी पुरवण्याचे कर्तव्यही राष्ट्रांवर टाकले आहे, आणि कराराच्या अकराव्या परिशिष्टात हे काम परस्पर संमतीने दुसऱ्या राष्ट्राकडे सोपवता येईल, तसे केल्याने सार्वभौमत्वाला बाध येणार नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे ज्यांनी सार्वभौमत्वाचे तत्त्व सर्वांत कडक शब्दांत लिहिले, त्यांनीच काम वाटून घेण्याची मुभाही ठेवली. शिवाय खुल्या समुद्राचे काय? अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत महासागरांवरील बहुतेक आकाश कोणत्याच देशाचे नाही, तरीही तेथून जाणारे प्रत्येक प्रवासी विमान कोणत्या ना कोणत्या केंद्राच्या देखरेखीखाली असते. उत्तर अटलांटिकचा पूर्वेकडचा भाग ब्रिटन आणि आयर्लंड मिळून पाहतात, पश्चिमेकडचा भाग कॅनडातील गँडरचे केंद्र पाहते, आणि अरबी समुद्राचा मोठा पट्टा मुंबईचे केंद्र सांभाळते. नियंत्रण म्हणजेच सार्वभौमत्व असेल, तर या पाण्यावर नेमके कोणाचे राज्य आहे?

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते जवळून पाहिले, तर वादातला बराच धूर विरतो. विमान एका देशाच्या उड्डाण माहिती क्षेत्रातून, म्हणजे त्याच्या केंद्राकडे नेमून दिलेल्या आकाशाच्या भागातून, दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरण्याआधी पहिल्या केंद्राचा नियंत्रक दुसऱ्या केंद्राला त्याची वेळ, उंची आणि सीमेवरचा बिंदू कळवतो. दुसरे केंद्र ते स्वीकारते. मग वैमानिकाला नवी रेडिओ वारंवारता दिली जाते. दोन्ही केंद्रांच्या संगणकांची भाषा एक असेल, तर हे हस्तांतर मुकाट्याने पार पडते. ती वेगळी असेल, तर फोन उचलावा लागतो, आकडे तोंडी सांगावे लागतात, समोरच्याने ते पुन्हा वाचून दाखवावे लागतात, आणि तेवढा वेळ नियंत्रकाचे लक्ष पडद्यावरून हटते. विमानाचा ट्रान्सपाँडर रडारला जो चार अंकी संकेतांक पाठवतो, त्यात शून्य ते सात एवढेच अंक वापरता येतात, म्हणून एकूण संकेतांक फक्त ४,०९६ आहेत. शेजारी देशांनी ते एकत्रितपणे वाटले नाहीत, तर सीमेवर विमानाला संकेतांक बदलायला लावावा लागतो आणि तो बदल होईपर्यंत पडद्यावरची ओळख डळमळते. चीनच्या आकाशात उंची मीटरमध्ये दिली जाते आणि बहुतेक शेजाऱ्यांकडे फुटांत, त्यामुळे सीमा ओलांडताना विमानाला उंचीही थोडी बदलून घ्यावी लागते. यातल्या कोणत्याही गोष्टीत कोणाचा ध्वज वर जात नाही की खाली येत नाही. येथे वाढतात ते फक्त चुकीला वाव देणारे सांधे.

हा पेच नवा नाही. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि बाडेन हे जर्मन राज्य यांच्या तारा एकमेकींना जोडण्यासाठी स्ट्रासबूर्ग येथे संयुक्त कार्यालय होते. पॅरिसहून आलेली तार फ्रेंच कारकून कागदावर उतरवून घेई, कागद बाडेनच्या कारकुनाकडे सरकवी, आणि तो मजकूर जर्मनमध्ये करून पुढे पाठवी. वीज क्षणात सीमेवर पोचे आणि तेथे कागदासाठी खोळंबून राही. १८६५ मध्ये वीस राष्ट्रांनी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन करून नियम, संकेत आणि दर एकसारखे केले. त्यासाठी कोणी आपले तारखाते दुसऱ्याला दिले नाही, आणि युरोपची सगळी तारयंत्रे एका इमारतीत नेऊन बसवावीत असेही कोणी सुचवले नाही. आजच्या नियंत्रण केंद्रांतला फोन हा त्या सरकवलेल्या कागदाचाच वारस आहे.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. तो कतारचा आहे. कतारचे आकाश अनेक वर्षे बहरीनच्या उड्डाण माहिती क्षेत्रात मोडत होते. शेजाऱ्यांत सलोखा होता तोवर कोणाला त्यात वावगे वाटले नाही. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले, कतारच्या विमानांना आपल्या हद्दी बंद केल्या, आणि आपल्याच विमानतळाकडे येणारे मार्ग प्रतिस्पर्ध्याच्या नियंत्रणात आहेत हे त्या देशाला एका दिवसात उमगले. नियंत्रण ही केवळ तांत्रिक सेवा आहे असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाकडे डोळेझाक करू नये. ज्याच्या हातात मार्ग आखण्याचे काम असते, त्याच्या हातात अडवण्याची सोयही असते, आणि भांडण पेटल्यावर ती वापरली जाणार नाही असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे.

पण या उदाहरणाचा शेवटही पाहायला हवा. कतारला खरा फटका बसला तो शेजाऱ्यांनी आपापल्या हद्दी बंद केल्यामुळे, आणि तो अधिकार त्यांना शिकागो कराराच्या पहिल्या कलमानेच दिलेला आहे. दोह्यात पहिल्या दिवसापासून स्वतःचे केंद्र असते, तरी ती बंदी टळली नसती. बंदीनंतर खुल्या समुद्रावरून पर्यायी मार्ग मिळाले ते आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या मध्यस्थीने. वाद तिच्या परिषदेपुढे गेला. परिषदेला तो ऐकण्याचा अधिकार आहे, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२० मध्ये उचलून धरले. आणि सप्टेंबर २०२२ पासून दोह्याचे स्वतंत्र उड्डाण माहिती क्षेत्र याच परिषदेच्या मंजुरीने अस्तित्वात आले. म्हणजे सामाईक व्यवस्थेत अडकलेल्या देशाची सुटकाही सामाईक व्यवस्थेनेच केली. तिला पाच वर्षे लागली, हे मात्र लाजिरवाणे आहे. बाहेर पडायचे कसे आणि संकटात मार्ग कसे चालू राहतील, हे आधी ठरलेले असते, तर एवढा काळ लागायचे कारण नव्हते.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा आहे, आणि तो मला कतारच्या मुद्द्याहूनही गंभीर वाटतो. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील उबरलिंगेन गावाच्या वर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग एकमेकांवर आदळून ७१ माणसे मेली. त्यांत सहलीला निघालेली मुले मोठ्या संख्येने होती. आकाश जर्मनीचे होते, नियंत्रण झुरिकच्या स्विस केंद्राकडे होते. त्या रात्री झुरिकमध्ये एकच नियंत्रक दोन पडद्यांसमोर काम करत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता. मुख्य दूरध्वनी यंत्रणा देखभालीसाठी बंद होती आणि पर्यायी लाईनही नादुरुस्त होती. कार्ल्सरूहच्या जर्मन केंद्रात धोक्याचा इशारा वेळेवर उमटला. तेथील नियंत्रक झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले आणि तो लागला नाही. विमानांशी थेट बोलण्याची त्यांना मुभा नव्हती, कारण ती विमाने त्यांच्या ताब्यात नव्हती. रशियन विमानातील टक्कररोधक यंत्र वर जा म्हणत होते, नियंत्रक खाली उतरा म्हणाला, आणि वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. अशा प्रसंगी यंत्राचे ऐकावे, हा नियम निःसंदिग्ध शब्दांत आला तो या अपघातानंतर.

या घटनेचा पुढचा भाग वादात सहसा येत नाही, आणि मला तोच अधिक बोलका वाटतो. भरपाईचा दावा कोन्स्टान्झच्या न्यायालयात गेला, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने जर्मन राज्याला जबाबदार धरले. दक्षिण जर्मनीच्या आकाशाचे नियंत्रण स्विस कंपनीकडे सोपवण्याला वैध कायदेशीर आधारच नव्हता, असा त्या निकालाचा आशय होता. कित्येक वर्षे रोज विमाने येत होती, जात होती, सगळे सुरळीत होते, म्हणून कोणी कागद तपासले नव्हते. पुढे २००९ मध्ये जर्मनीने राज्यघटनेत दुरुस्ती करून अशा कामाला परकीय संस्थेची वाट मोकळी केली. उबरलिंगेनकडे बोट दाखवून दुसऱ्याकडे नियंत्रण देऊच नये, असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीने काय केले ते पाहावे. आकाश परत घेणे हा मार्ग खुला असताना तिने कायद्यातली फट बुजवली, कारण बोडन सरोवराभोवतीचे विमानतळ आणि डोंगर यांची रचनाच अशी आहे, की झुरिककडे उतरणारे विमान सीमेवर येऊन अचानक दुसऱ्याच्या हाती देणे धोक्याचे ठरते.

काम नीट लिहून सोपवले म्हणजे ते कसे दिसते, याचा अलीकडचा नमुना इंडोनेशिया आणि सिंगापूर यांचा आहे. रिआऊ बेटांवरचे इंडोनेशियाचे आकाश १९४६ पासून सिंगापूरच्या नियंत्रणात होते, आणि जकार्तात तो कायम बोचणारा विषय होता. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला, मार्च २०२४ मध्ये तो अमलात आला. त्यानुसार दोन्ही देशांच्या उड्डाण माहिती क्षेत्रांची सीमा इंडोनेशियाच्या हद्दीशी जुळवून घेण्यात आली, आणि त्याच वेळी सिंगापूरच्या विमानतळालगतच्या पट्ट्यात ३७,००० फुटांपर्यंतचे नियंत्रण इंडोनेशियाने पंचवीस वर्षांसाठी पुन्हा सिंगापूरकडे सोपवले. कट्टर राष्ट्रवाद्याला यात पराभव दिसेल, कारण रडारसमोर माणूस सिंगापूरचाच बसतो. मला यात दोन्ही बाजूंचा शहाणपणा दिसतो. पूर्वी जे ऐतिहासिक योगायोगाने चालत होते ते आता देणाऱ्याच्या संमतीने, मुदतीने आणि अटींवर चालते. आकाश कोणाचे, यावर संदिग्धता उरलेली नाही. कोसोव्होच्या वरचे आकाश १९९९ पासून पंधरा वर्षे वाहतुकीला बंद होते. एप्रिल २०१४ मध्ये ते उघडले तेव्हा वरच्या थरातील विमानांचे नियंत्रण बुडापेस्टहून हंगेरीची संस्था करू लागली. ज्या भूमीच्या दर्जावरच राष्ट्रांत एकमत नाही, तेथेही काम आणि हक्क वेगळे करता आले.

लष्करी गुप्ततेचा आक्षेप यापेक्षा लवकर निकाली निघतो. लष्करी विमानांना राखीव क्षेत्र लागते आणि ते कधी, किती उंचीपर्यंत लागेल हे ठरवण्याचा हक्क त्या देशाचाच राहायला हवा, यात शंका नाही. परंतु लपवाछपवीने प्रवासी विमाने सुरक्षित राहतात, की एकमेकांशी बोलल्याने? सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे वाट चुकलेले प्रवासी विमान पाडले आणि २६९ जण मेले. त्यानंतर शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, जपान आणि सोव्हिएत संघ यांनी उत्तर प्रशांत महासागरावरील वाहतुकीसाठी तिन्ही देशांच्या नियंत्रकांमध्ये थेट संपर्काची व्यवस्था उभी केली. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्यांना जे जमले, ते इतरांना गुप्ततेच्या नावाखाली अशक्य का वाटावे?

तिसरा आक्षेप यंत्रणा कोलमडण्याचा. सगळ्यांनी एकाच व्यवस्थेवर विसंबावे आणि तीच बंद पडावी, ही भीती निराधार नाही. एप्रिल २०१८ मध्ये युरोकंट्रोल या युरोपीय देशांच्या सामाईक हवाई वाहतूक संस्थेच्या प्रवाह व्यवस्थापन यंत्रणेत, म्हणजे कोणते विमान कधी सोडायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेत, बिघाड झाला, तेव्हा युरोपातील त्या दिवसाच्या जवळपास निम्म्या उड्डाणांना उशीर होण्याची वेळ आली. पण या आक्षेपाच्या समर्थनार्थ हल्ली जे उदाहरण हटकून दिले जाते, ते नेमके उलटे सांगते. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनची उड्डाण आराखडे वाचणारी यंत्रणा बंद पडून सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. कारण होते लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा आराखडा. त्याच्या मार्गावरील दोन बिंदूंची तीन अक्षरी नावे एकच होती: एक फ्रान्समधील डोव्हिलजवळचा आणि दुसरा अमेरिकेतील डेव्हिल्स लेकचा, दोघांत सुमारे ४,००० सागरी मैलांचे अंतर. ब्रिटनच्या हद्दीत विमान कोठून शिरते आणि कोठून बाहेर पडते याचा हिशेब संगणकाला लागेना, तेव्हा चुकीची माहिती नियंत्रकापुढे जाऊ नये म्हणून तो बंद झाला; पर्यायी संगणकात तोच प्रोग्रॅम होता, त्याने तोच आराखडा वाचला आणि तोही काही सेकंदांत बंद झाला. ही यंत्रणा एका देशाची, त्याच देशात बसवलेली होती. आणि मूळ दोष होता तो जगभरात एकच नाव दोन ठिकाणी चालू ठेवल्याचा, म्हणजे सहकार्य अपुरे असल्याचा. जी नावे पाच अक्षरी आहेत, ती जगात एकमेव असावीत असा नियम आहे. जुनी तीन अक्षरी नावे त्या शिस्तीबाहेर राहिली. सामाईक यंत्रणेतही पर्यायी व्यवस्था वेगळ्या प्रोग्रॅमवर आणि वेगळ्या ठिकाणी हवी, हे खरेच. ते तर राष्ट्रीय यंत्रणेलाही तितकेच लागू आहे.

आता ज्यांच्या बाजूने मी बोलतो आहे त्यांच्याविषयी दोन कठोर शब्द. युरोपच्या एकसंध आकाशाच्या योजनेला २००४ मध्ये कायद्याचे रूप आले, आणि देशोदेशींच्या सीमा पुसून मोठे गट करण्याचा आदेश २०१२ अखेरपर्यंत पाळायचा होता. नऊ गट कागदावर झालेही. २०१७ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी जो अहवाल दिला, त्याचा सूर असा, की कामाची संस्कृती बदलली, आकाश मात्र एक झाले नाही. सुधारणेचा पुढचा मसुदा २०१३ मध्ये आला आणि जिब्राल्टरच्या विमानतळावरून ब्रिटन व स्पेन यांच्यात असलेल्या वादात त्याचे भिजत घोंगडे पडले. तो मंजूर व्हायला २०२४ उजाडले. एक धावपट्टी अख्ख्या खंडाची सुधारणा अडवू शकते, याचा अर्थ स्वप्न चुकीच्या टोकाने रंगवले होते. १९६० मध्ये युरोकंट्रोल स्थापन झाली तेव्हाही सहा देशांचे वरचे आकाश एका छताखाली आणण्याचा बेत होता. ब्रिटन आणि फ्रान्स आपले आकाश द्यायला तयार झाले नाहीत. टिकले ते मास्ट्रिख्टचे केंद्र, जे १९७२ मध्ये सुरू झाले आणि आज बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांच्या वरच्या थरातील वाहतूक पाहते. तेथे देश लहान, वाहतूक दाट आणि सीमा पाच-दहा मिनिटांत ओलांडल्या जाणाऱ्या. गरज उघड होती. नियंत्रकांच्या संघटना एकत्रीकरणाला विरोध करतात तेव्हा त्यांना केवळ नोकरीची चिंता आहे असे म्हणून टाळणेही योग्य नाही. नियंत्रकाची पात्रता ठरावीक क्षेत्रापुरती असते. तेथले वारे, वळणे, लष्करी पट्टे आणि गर्दीच्या वेळा अंगवळणी पडायला वेळ लागतो. एका दालनातून अर्धा खंड चालवण्याची भाषा करणाऱ्याने निदान एकदा त्या पडद्यामागे उभे राहून पाहावे.

याउलट २४ जानेवारी २००२ ची रात्र पाहा. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमधले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणण्याचा बदल युरोप आणि आसपासच्या ४१ देशांनी एकाच वेळी अमलात आणला आणि उड्डाणासाठी सहा नवे थर मिळाले. एकाही देशाने केंद्र बंद केले नाही. पण एकानेही मागे राहून चालले नसते, कारण ज्याच्या सीमेवर जुने अंतर उरले असते, तेथे प्रत्येक विमानाला वर-खाली करावे लागले असते. सामाईक नियम, सामाईक माहिती, सामाईक संकेतांक, सेवाशुल्काचे सामाईक बिल या गोष्टी आधी, आणि सामाईक केंद्र जेथे भूगोलच मागतो तेथेच, हा क्रम उत्साही मंडळींनी उलटा लावला, आणि विरोधकांना आयते निमित्त मिळाले.

सार्वभौमत्वाबद्दल सर्वांत हळवे असण्याचा हक्क कोणाला असेल, तर नुकत्या स्वतंत्र झालेल्या किंवा शेजाऱ्याशी लढणाऱ्या देशांना. डिसेंबर १९५९ मध्ये सेनेगलमधील सेंट-लुई येथे आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींतून घडत असलेल्या देशांनी फ्रान्ससह एक सामाईक हवाई सुरक्षा संस्था स्थापली. आज डाकारहून चालणारी ती संस्था सुमारे १ कोटी ६० लाख चौरस किलोमीटरचे आकाश पाहते. तिच्यातल्या कित्येक सदस्यांना स्वतंत्र रडार, रेडिओ आणि नियंत्रकांचे प्रशिक्षण परवडलेच नसते, आणि जुन्या सत्ताधाऱ्याला सदस्य म्हणून ठेवण्यावर तेथेही कुरबुरी झाल्या नसतील असे नाही. १९६० मध्ये मध्य अमेरिकेतील देशांनी अशीच संस्था काढून तिचे मुख्यालय होंडुरासच्या तेगुसिगाल्पात ठेवले. जुलै १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्वादोर या तिच्या दोन सदस्यांत युद्ध झाले, आणि शांतता करार व्हायला १९८० उजाडले. ती संस्था आजही त्याच शहरातून काम करते, आणि दोन्ही देश तिचे सदस्य आहेत.